दादाचे आकडे

मराठी माणूस एकवेळ देवावर शंका घेईल, पण आकड्यावर घेणार नाही. त्याला "प्रकृती कशी आहे?" असं विचारून पाहा. "ठीक आहे" म्हणून तो थांबत नाही. "वरचं १३८, खालचं ८६" असं आकाशवाणीवरच्या बातम्यांच्या सुरात सांगतो. मुलगी कशी आहे म्हटलं तर ८८ टक्के आहे, जमीन कशी तर साडेचार एकर, जावई कसा तर बारा लाखांचा! मूल जन्माला आलं की आधी त्याचं वजन होतं, नाव ठेवायचं मग सावकाश. पुढे लग्नाच्या वेळी ३६ गुणांपैकी किती जुळतात ते पाहतात. त्या जुळलेल्या गुणांतला एकही गुण लग्नानंतर नवऱ्याला बायकोत आणि बायकोला नवऱ्यात सापडत नाही, तरी धाकट्याच्या लग्नाच्या वेळी तीच मंडळी पुन्हा पत्रिका घेऊन हजर!

मी स्वतः गणिताचा मास्तर. लाखांदूर तालुक्यातल्या शाळांमधून ३४ वर्षं मी पोरांना त्रैराशिक शिकवलं. तेव्हा आकड्यांविषयी वावगं बोलणं मला शोभणार नाही. त्यातून आमचा मुलूख धानाचा, आणि धान हे पीकच माणसाला हिशेबी बनवतं. बांधीत किती पोती झाली, त्यातली किती ओली निघाली, मजुरीत किती गेली, हे आमच्याकडे चुलीपाशी बसलेल्या आजीबाईलासुद्धा तोंडपाठ असतं. पण आकडा म्हणजे नेमकी काय चीज आहे हे मला कळलं ते निवृत्तीनंतर, आणि तेही बास्केटबॉलमुळे. लाखांदूरच्या माणसाला बास्केटबॉलमुळे काही कळावं हेच मुळात नवल. त्यातून तो बास्केटबॉल स्पेनमधला असावा, म्हणजे नवलाची कमाल झाली. पण झालं खरं तसं.

त्याचं असं आहे, की माझा पुतण्या, म्हणजे दादाचा मुलगा, नागपूरला नोकरी करतो. काय करतो, हे सांगणं आमच्या घरात कोणालाच जमत नव्हतं. वहिनी विचारणाऱ्याला "कॉम्प्युटरवर आहे" एवढंच सांगत. या उत्तरात चंद्रावर यान पाठवणाऱ्यापासून तहसीलसमोर दाखले काढून देणाऱ्यापर्यंत सगळे बसतात, त्यामुळे पुढे कोणी विचारत नसे. मागच्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा मी त्याला अंगणात गाठला.

"काय रे, तू नेमका करतोस काय?"

"काकाजी, मी मॅच पाहून राहतो, अन् कोणी काय केलं ते टाकत राहतो."

"कुठली मॅच?"

"स्पेनची. बास्केटबॉल."

"आणि त्याचे पैसे देतात?"

"महिन्याच्या महिन्याला."

मी दादाकडे पाहिलं. दादाने वर आढ्याकडे पाहिलं. आमच्या लहानपणी सामना पाहायला गेलं म्हणून मार मिळत असे. दादाच्या पोराला पगार मिळतो! हिवाळ्यात स्पेनचं घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असतं. तिथे रात्री साडेआठला सामना सुरू झाला की नागपुरात एक वाजलेला असतो. सगळं विदर्भ घोरत असताना आमचा हा पठ्ठ्या माद्रिदमध्ये कोणाच्या हातून चेंडू निसटला ते टिपत बसलेला असतो.

दुसऱ्या दिवशी त्याने झेरॉक्सच्या दुकानातून एका सामन्याचा तक्ता छापून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. रेआल माद्रिद, बार्सिलोना ही नावं मी फुटबॉलमुळे ऐकून होतो. पण याच क्लबांचे बास्केटबॉलचेही दांडगे संघ आहेत, आणि तिथली व्यावसायिक लीग १९८३ सालापासून चालू आहे, हे मला नवीन होतं. मैदानात एका वेळी पाच गडी, दहा-दहा मिनिटांचे चार डाव, म्हणजे उणापुरा ४० मिनिटांचा खेळ. आता ४० मिनिटांत माणूस करून करून काय करणार? आमच्या शाळेत ४० मिनिटांच्या तासात हजेरी होऊन फळा पुसून होत असे. पण त्या तक्त्यात एकेका गड्यापुढे वीसेक रकाने!

पहिल्या रकान्यात तो किती मिनिटं आणि किती सेकंद मैदानात होता ते. मग गुण. मग दोन गुणांचे नेम किती मारले आणि किती लागले, तीन गुणांचे किती मारले आणि किती लागले, फुकटचे म्हणजे फ्री थ्रो किती मिळाले आणि त्यातले किती वाया घालवले. बास्केटला लागून परत आलेला चेंडू किती वेळा पकडला, तो आपल्याच माणसाच्या नेमाचा होता की समोरच्याच्या. दुसऱ्याला किती वेळा आयता घास भरवला, म्हणजे असिस्ट. दुसऱ्याच्या हातातून किती वेळा चेंडू पळवला, स्वतःच्या हातून किती वेळा घालवला. किती नेम हवेत अडवले, स्वतःचे किती अडवून घेतले. किती फाउल केले आणि समोरच्याने याच्यावर किती केले. या शेवटच्या रकान्याने मी फार सुखावलो. कारण समोरच्याने धक्का मारला तर तो खाणाऱ्याच्या जमेला धरतात! आजवर इतके धक्के खाल्ले, पण ते कोणी जमेला धरल्याचं मला आठवत नाही.

"आणि हा शेवटून दुसरा आकडा कसला?"

"वालोरासिऑन."

"म्हणजे?"

"मूल्यांकन, काकाजी."

शाळेत ३४ वर्षं काढलेल्या माणसाला मूल्यांकन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण यांची रीत मला आवडली. चांगलं केलेलं सगळं एका बाजूला मिळवायचं, वाईट केलेलं सगळं त्यातून वजा करायचं. समजा, एखाद्याने १२ गुण केले, ५ रिबाउंड पकडले, ३ असिस्ट दिले, एकदा चेंडू पळवला आणि त्याच्यावर २ फाउल झाले. झाले २३. आता त्याचे ६ नेम हुकले, एक फ्री थ्रो वाया गेला, ३ वेळा त्याने चेंडू घालवला आणि ३ फाउल केले. गेले १३. राहिले १०. चाळीस मिनिटांच्या घामाचा निव्वळ नफा १०! आणि घालवलेलं जास्त असलं तर हा आकडा चक्क उणेसुद्धा येतो. म्हणजे तो गडी त्या दिवशी घरी झोपला असता तर संघाचं भलं झालं असतं, हे छापील तक्त्यात जगासमोर येतं. आमच्या शिक्षकांच्या खोलीत ही पद्धत कोणी आणली नाही, हे आम्हा सगळ्यांचं पूर्वपुण्य.

भाऊबीजेला बहिणी, मेहुणे, भाचरं असा सगळा गोतावळा जमला होता. पोरांच्या हाती हा तक्ता लागला आणि त्यांनी जेवणाच्या पंगतीचंच मूल्यांकन सुरू केलं. मी एक किस्सा रंगवत आणला आणि शेवटचं वाक्य नेमकं मेहुण्यांनी म्हणून हशा घेतला; गुण त्यांना, मला नुसता असिस्ट. मेहुण्यांनी मग राजकारणाचा विषय काढला आणि तो भलतीकडेच गेला, टर्नओव्हर. मी तिसऱ्या अनारशाकडे हात नेला, तो हिने वरच्या वर अडवला. हिला एक ब्लॉक, आणि माझ्या नावावर एक हुकलेला नेम आणि एक अडवून घेतलेला, असे दोन उणे! भात संपेपर्यंत माझं मूल्यांकन उणे चारवर आलं होतं. रिबाउंडच्या बाबतीत मात्र हिच्या जवळपास कोणी नव्हतं. रिबाउंड म्हणजे तरी काय? दुसऱ्याचा नेम हुकायचा आणि आदळून आलेलं आपण झेलायचं. हे काम आमच्या घरात एकच व्यक्ती लग्नापासून करत आली आहे. वहिनींचा तक्ता तेवढा कोरा राहिला. त्या वाढपाचं सामान आतून पाठवत होत्या, म्हणजे मैदानात नव्हत्याच, असं पोरांचं म्हणणं पडलं.

आकड्यांची गंमत अशी की तो एकदा कागदावर पडला की त्याची भीती वाटायला लागते. १९४८च्या डिसेंबरातली पुण्याची गोष्ट घ्या. रणजी सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३वर खेळत होते. तेव्हाचा जागतिक विक्रम होता ब्रॅडमनचा नाबाद ४५२. म्हणजे नऊ धावा काढल्या की बरोबरी. मध्यंतराची विश्रांती झाली, आणि काठेवाडच्या कर्णधारांनी, म्हणजे राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, पुढे खेळायला नकार देऊन सामनाच सोडून दिला. निंबाळकर तिथेच थांबले, जन्माचे. पुढे त्यांना एकही कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. हरण्याला काठेवाडकर भ्यालेले नव्हते. ते तसेही हरतच होते. त्यांना भीती होती ती विक्रमाच्या पुस्तकात आपलं नाव 'यांच्याविरुद्ध' म्हणून छापून येण्याची.

आणि याच्या उलट बापू नाडकर्णी. १९६४ साली मद्रासला त्यांनी इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं टाकली, त्यांतली २७ निर्धाव, पाच धावा दिल्या, बळी एकही नाही. त्यातली २१ निर्धाव षटकं तर लागोपाठ! बळींचा रकाना पाहिला तर शून्य. पण तो शून्य मोठ्या अदबीने उच्चारतात. का? तर क्रिकेटच्या वहीत 'न दिलेल्या धावा' मोजायची सोय पूर्वीपासून आहे. तो 'मेडन'चा रकाना नसता तर बापूंनी त्या दिवशी मद्रासच्या उन्हात काय केलं, हे सांगायला कोणी उरलं नसतं.

बास्केटबॉलमध्येही असंच. अमेरिकेत बोस्टनच्या संघात बिल रसेल म्हणून एक उंचपुरा गडी होता. तो १३ मोसम खेळला आणि त्यांतल्या ११ मोसमांत त्याचा संघ अजिंक्य ठरला. समोरच्याचे नेम हवेत अडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. असे किती अडवले त्याने? वहीत एकही नाही. कारण १९६९ला तो निवृत्त झाला, आणि ब्लॉक मोजायला तिथे १९७३-७४च्या मोसमापासून सुरुवात झाली. फार मागे जायचं तर १८९१ साली नायस्मिथ मास्तरांनी हा खेळ काढला तेव्हा शिपायाने आणून दिलेल्या फळांच्या टोपल्या सज्जाला ठोकल्या होत्या, आणि टोपल्यांना बूड होतं. एक गुण झाला की कोणीतरी वर चढून चेंडू काढून द्यायचा. त्या चढणाऱ्याचा आजतागायत कुठल्या तक्त्यात उल्लेख नाही. त्याने चेंडू काढलाच नसता तर स्पेनची लीग राहू द्या, दुसरा गुणसुद्धा झाला नसता.

हे सगळं मी पुतण्याला सांगत होतो, तर तो म्हणाला, "काकाजी, तुम्हीपण तर कबड्डीचे गुण लिहीत होते ना?"

लिहीत होतो! आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. हलका धान कापून झालेला असतो, हातात चार पैसे खुळखुळत असतात, पोरीबाळी माहेरी आलेल्या असतात. रात्री झाडीपट्टीचं नाटक नाही तर दंडार, आणि त्याआधी कबड्डीचे सामने. मैदान म्हणजे शेणाने सारवलेलं नि चुन्याच्या फक्कीने आखलेलं अंगण. प्रेक्षक बैलबंडीवर. ऐंशीच्या आसपासच्या चार-पाच वर्षांत मी आमच्या संघाचा गुणलेखक होतो. संघात घेण्याजोगं माझ्या अंगावर काही नव्हतं. वारा सुटला की मीच बाद होईन अशी माझी तेव्हाची शरीरयष्टी. पण वही मात्र माझी मैदान गाजवत असे. कोण चढाईला गेला, कोण बाद झाला, त्याच्या बदल्यात कोण जिवंत होऊन आत आला, लोण कधी चढला, त्या वेळी गुणफलक काय होता, हे सगळं ओळीने. तालुक्यात अशी वही दुसरी नव्हती.

आणि आमचा दादा त्या संघात कव्हरला होता. कबड्डी पाहिलेल्यांना सांगायला नको, पण न पाहिलेल्यांसाठी सांगतो. समोरचा गडी दम धरून आत आला की त्याचा पाय धरतो तो कोपऱ्यावरचा. तो धरतो आणि अख्खं मैदान "अरे वाऽ" म्हणून उठतं. पण पाय धरल्याने गडी थांबत नाही. तो कोपऱ्यावाल्यालाही फरपटत मध्यरेषेकडे नेतो. तेव्हा शेजारच्याचा हात सोडून जो मध्ये अंग घालतो, छातीवर धक्का घेतो आणि गड्याला रेषेपर्यंत पोचू देत नाही, तो कव्हरवाला. तोवर भोंग्यावरून कोपऱ्यावाल्याचं नाव पुकारून झालेलं असतं. पकडीचा गुण एकच, तो एकाच्याच नावावर. आमच्या वेळी तसंच होतं, आणि २०१४पासून टीव्हीवर व्यावसायिक कबड्डी दिसायला लागली तरी तसंच आहे. परदीप नरवालच्या नावावर चढायांचे सतराशेहून अधिक गुण, इराणच्या फजल अत्राचलीच्या नावावर पाचशेहून अधिक पकडी, हे सगळं जिथल्या तिथे लिहिलेलं आहे. त्या पाचशे वेळा मधे अंग घातलेल्यांची यादी मात्र मला कुठे मिळाली नाही. आमच्या कोपऱ्यावाल्याचं नाव भोंग्यावरून इतक्या वेळा पुकारलं गेलं की पुढे तो ग्रामपंचायतीत सहज निवडून आला. प्रचाराला भोंगा लावायचीसुद्धा गरज पडली नाही.

पुतण्याने माळ्यावरची लोखंडी पेटी काढली. वाळवीने एका वर्षाची वही खाल्ली होती, बाकीच्या शाबूत होत्या. तो ओट्यावर बसून पानं उलटू लागला. बापाचं नाव शोधत होता. नाव प्रत्येक सामन्यात होतं. नावापुढे चढाईचे गुण शून्य. पकडी कुठे एक, कुठे दोन, बहुतेक ठिकाणी शून्य. हा रोज शंभर परक्या माणसांचे आकडे पाहणारा आणि आकड्यांवरून माणूस ओळखणारा पोरगा. त्याने दोन वह्या संपवल्या, तिसरी मिटली आणि खालच्या आवाजात मला विचारलं,

"काकाजी, बाबांना टीममध्ये कशाला घेत होते?"

दादा पलीकडे अंगणात सुतळीने पोती शिवत बसला होता. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. सुतळी ओढायचा आवाज मात्र थांबला नाही.

मला या प्रश्नाचं उत्तर देता येईना. म्हणजे उत्तर होतं, पण ते वहीतल्या भाषेत नव्हतं. वडील गेले तेव्हा दादा मॅट्रिक होता आणि मी सहावीत. तो शेतीला राहिला म्हणून मी मास्तर झालो. दोन बहिणींची लग्नं झाली ती त्याच्या बांधीतल्या धानावर. घरातसुद्धा दादा आयुष्यभर कव्हरलाच खेळला, आणि भोंग्यावरून नावं आमची पुकारली गेली. पण हे मी पुतण्याला कोणत्या रकान्यात दाखवू? मी त्याला एवढंच म्हटलं, "तुझ्या त्या स्पॅनिश तक्त्यात अगदी शेवटी एक रकाना आहे ना, अधिक-उण्याचा? तो कसला?"

तो रकाना म्हणजे प्लस-मायनस. एखादा गडी मैदानात असताना त्याचा संघ किती गुणांनी पुढे गेला किंवा मागे पडला, एवढंच त्यात पाहतात. त्या गड्याने स्वतः काय केलं ते विचारतच नाहीत. तो होता तेव्हा काय झालं, एवढंच.

पोरगा माझ्याकडे पाहतच राहिला. मग त्याने वही पुन्हा उघडली. कोण कधी बाद झाला आणि कधी जिवंत होऊन आत आला, ते माझ्या वहीत ओळ न् ओळ होतं. शेजारी गुणफलक होता. आणखी काय हवं? त्या रात्री गाव नाटकाला गेलं, हा घरी कॉम्प्युटर घेऊन बसला. मध्येच उठून मला म्हणाला, "काकाजी, एक भानगड आहे. बास्केटबॉलमध्ये एक गेला की दुसरा येतो. कबड्डीत बाद झाला की जागा रिकामीच राहते. म्हणजे कोणीही बाहेर गेलं तरी टीम कमजोरच होणार. सगळ्यांचाच आकडा चांगला निघेल."

शंका अगदी वाजवी होती. गणिताच्या मास्तराचा पुतण्या शोभला. मी म्हटलं, "मग सातही जणांचे काढ आणि एकमेकांशी ताडून पाहा."

पहाटे नाटकाची मंडळी परतत होती तेव्हा त्याचं काम झालं. सातांमध्ये दादाचा आकडा सगळ्यात वर होता. चढाईवाल्याच्या वर, कोपऱ्यावाल्याच्याही वर. किती वर ते इथे लिहीत नाही, दादाला आवडणार नाही. आणि मास्तर म्हणून मला हेही सांगितलं पाहिजे की पाच-पंचवीस सामन्यांवरून अशा बाबतीत शपथ घ्यायची नसते. एकाच संघातली माणसं एकत्र खेळतात, तेव्हा कोणामुळे काय झालं हे सोडवणं ऊस आणि रस वेगळा झाल्यावर कुठल्या कांड्यातला थेंब कुठला ते शोधण्यासारखं आहे. पण त्या पहाटे मी हे काही बोललो नाही. पोरगं बापापुढे जाऊन उभं राहिलं होतं.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे मी बाहेर बसलो का तुमी हारत होते, हे सांगाले कॉम्प्युटर लागला?"

"तसं नाही बाबा, तुमचं सगळ्यांत जास्त आहे."

"अन् तो कोपऱ्यावाला? त्याचं किती?"

"तुमच्याहून कमी."

दादाने मान हलवली. "चुकलं काही तरी. तो पाय धरे तवा मी जाओ. त्याच्याबिगर मी कोणाले अडवणार होतो? त्याचं वाढव थोडंसं."

आता आकडा असा वाढवता येत नाही, हे त्याला समजावण्यात आणखी अर्धा तास गेला. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी माझ्या जुन्या वहीकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, सामना झाला का सात-सात जण जेवाले आणत होते तुमी घरी. ते लिवलं आहे का याच्यात?"

पुतण्या हसून म्हणाला, "आई, त्याले असिस्ट म्हणतात."

"त्याले स्वयंपाक म्हणतात," वहिनी म्हणाल्या, आणि रिकाम्या कपबशा घेऊन आत गेल्या.

असो. कबड्डीचं नशीब मात्र मोठं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ती जगाला दाखवली, १९९०ला पेकिंगच्या आशियाई खेळांत ती स्पर्धेत आली आणि आपण सुवर्णपदक आणलं. तिथल्या प्रत्येक चढाईचा हिशेब कुठेतरी असेलच. आमच्या मंडईतल्या सामन्यांचा तेवढा या लोखंडी पेटीत आहे, आणि आता तिच्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या आहेत.

दिवाळी संपली, पुतण्या वडशाला रेल्वे पाहायची म्हणून दोन तास आधी निघून गेला. त्यानंतर एक गोष्ट सुरू झाली आहे. आठवड्यातून एकदा रात्री दादाचा मोबाइल वाजतो. पोरगा कामावर असतो, मधल्या सुट्टीत फोन करतो. दादाला बास्केटबॉलचा ओ की ठो कळत नाही. इतक्या उंच माणसांनी इतक्या उंच टोपलीत चेंडू टाकला तर त्यात विशेष ते काय, असं त्याचं मत आहे. पण त्याने पोराकडून तक्ता वाचून घ्यायची सवय लावून घेतली आहे. जास्त गुण कोणी केले ते तो विचारत नाही. शेवटून सुरुवात करायला सांगतो.

परवा मी जवळच बसलो होतो. पोराने एका गड्याचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "याचं सांगण्यासारखं काही नाही बाबा. दोन मिनिटं खेळला. सगळे शून्य."

"दोन मिनिटं तं होता ना मैदानात?" दादा म्हणाला. "मंग लिव बरोबर."